परतीचा डबा

पहिला डबा गेला तो रव्याचा.

सकाळी रजनीसाठी रव्याची पातळ खीर करायला म्हणून वत्सला फळीकडे वळली, तर रवा परातीत उघडा पडलेला आणि डब्याचा पत्ता नाही. रजनी तिची मुलगी, नुकतीच रांगायला लागलेली. भुकेची वेळ ती स्वतः जाहीर करी, आणि एकदा जाहीर झाली की घरात दुसरा विषय चालत नसे.

"रजनीचे बाबा, माझा रव्याचा डबा कुठं आहे?"

"कामात आहे," अंगणातून उत्तर आलं. नवरा दिसत नव्हता. जीपखालून दोन चपला तेवढ्या बाहेर आल्या होत्या. चपलांत पाय होते, म्हणजे सुधाकर घरी आहे असं समजायचं. भाद्रपदापासून वत्सलाचा संसार या चपलांशीच चालला होता.

"कोणत्या कामात?"

"इंजिनाच्या."

वत्सलानं रवा परातीतच झाकून ठेवला आणि रजनीला कडेवर घेतलं. दुधाच्या पावडरचा तो डबा होता, घट्ट झाकणाचा. बाळंतपणानंतर तिला दूध कमी आलं तेव्हाचा. पावडर संपली, दूध आलं, पण डबा तिनं जपला होता. त्या दिवसांची तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. आता तो इंजिनाच्या कामात होता.

या सगळ्याच्या मुळाशी केसरबाईचे गुडघे होते.

केसरबाई म्हणजे सुधाकरची आई. दर दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. छप्पन्न साली पहिल्यांदा गेली तेव्हा छोट्या गाडीत, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीत, पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सौसरहून बैलबंडी जोडून, मांडीवर तान्हा सुधाकर घेऊन गेली. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. पण मागल्या दसऱ्याला छोट्या गाडीच्या पायरीवर तिचा गुडघा अडला तो अडलाच. खालून दोघं ढकलताहेत, वरून दोघी ओढताहेत आणि मधे केसरबाई "अरे, मी पोतं नोहो!" म्हणून ओरडते आहे, असा तो देखावा झाला. परत आल्यावर ती एकदाच म्हणाली, "आता नाई जमत बाप्पा." पुन्हा विषय काढला नाही. पण यंदा आषाढ लागला तशी तिची पांढरी साडी धुऊन, नीळ देऊन, घडी घालून गादीखाली गेली. अंथरूण उचलताना वत्सलाला ती रोज दिसायची. घडी मोडू नये म्हणून ती गादीसुद्धा हलक्या हातानं उचलायची.

सुधाकरलाही ती दिसली असावी. आषाढी पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर, सगळे चपला शोधत असताना, तो मोठ्यानं म्हणाला, "माय, यंदा तुले मी आपल्या गाडीनं नेतो!"

सगळ्यांनी चपला शोधायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. सुधाकर संत्र्याच्या सोसायटीत बाबू होता आणि त्याच्याकडे गाडी म्हणाल तर एक सायकल होती, तिचीही घंटी वाजत नसे, बाकी सगळं वाजे. पण माणूस सगळ्यांसमोर बोलून बसला की त्याचं स्वतःवर काही चालत नाही. महिन्याभरात सरकारी लिलावातली एक जुनी जीप दाराशी उभी राहिली. केसरबाई पायरीवर बसून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "चांगली हाय," ती म्हणाली, "पण हिचेबी गुडघे गेलेच दिसतात."

जीप पेट्रोलची होती. ती पेट्रोल पीत नसे, त्यानं आंघोळ करी. सौसरहून रामाकोन्याला जाऊन येईतो टाकीचा तळ दिसे. तेव्हा शेजारचे नत्थूजी, रेल्वेतून रिटायर झालेले पॉइंटमन, कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "सुधाकरभाऊ, हिच्यात डिझेलचं इंजिन टाका. पांढुर्ण्याचा गुलाब मिस्त्री टाकून देते."

हे वाक्य नत्थूजींनी चहाची वाट पाहता पाहता सहज टाकलं होतं. पुढं काय काय झालं ते पाहता, त्या दिवशी आपण चहा जरा लवकर द्यायला हवा होता असं वत्सलाला वाटत राहिलं.

गुलाब मिस्त्री मोठा माणूस होता. मोठा म्हणजे आवाजानं. संत्र्याच्या बगिच्यातली, विहिरीवर पाणी ओढणारी अर्धी डिझेल इंजिनं त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेलेली. मात्र ती सगळी इंजिनं एका जागी बसणारी. चालत्या गाडीशी त्याचा संबंध बसच्या तिकिटापुरता. ही गोष्ट त्यानंही सांगितली नाही आणि सुधाकरनंही विचारली नाही. नागपूरच्या कबाड्याकडून एका टेम्पोचं जुनं डिझेल इंजिन आलं, जीप ओढत पांढुर्ण्याला गेली, आणि तेवढ्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आली. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. गुलाब राहणारा सावरगावचा, दुकान पांढुर्ण्यात. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर दगड बसला. कोणी मारला हे त्याला दिसलं होतं, पण सांगायची सोय नव्हती. माणूस त्याचं गिऱ्हाईक होतं. इंजिन त्यानं डाव्या हातानं बसवलं.

बसवलं, आणि अडलं. पेट्रोलच्या गाडीचं सरळ असतं. टाकीतून निघालं ते इंजिनात गेलं आणि जळून संपलं. डिझेलचं इंजिन तसं नाही. त्याला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल त्याच्याकडे येतं, आणि उरलेलं एका बारीक नळीतून टाकीत परत जातं. जीपच्या टाकीला बाहेर जायचं भोक होतं, परत यायचं नव्हतं.

"मंग आता?" सुधाकरनं विचारलं.

"आता काय! परत जायची नळीच बंद करून टाकतो," गुलाब म्हणाला. "तुमी मले सांगा बाबूजी, पैशाचं डिझेल व्हय. एकदा इंजिनात गेलेलं परत कायले जाऊ द्याचं?"

सुधाकर सोसायटीतला माणूस. एकदा आलेलं परत द्यायचं नाही, हे धोरण त्याला मनापासून पटलं. गुलाबनं नळीत एक बोल्ट ठोकून वरून तार गुंडाळली. जीप पांढुर्ण्याहून निघाली ती रुबाबात निघाली. सौसरच्या अलीकडे परतीचं डिझेल, ज्याला जायला वाट नव्हती, त्यानं स्वतःची वाट स्वतः काढली. बोल्ट उडाला, त्यामागं डिझेलची चिळकांडी उडाली, आणि सुधाकर घरी पोचला तेव्हा त्याचा पांढरा बुशशर्ट, मिशी आणि चेहऱ्यावरचा आनंद या तिन्ही गोष्टी ओळखू येत नव्हत्या. रजनी त्याला पाहून रडली. तिला उगी करायला तो जवळ गेला तशी जास्तच रडली.

रात्रभर त्या घरात डिझेलचा वास होता. केसरबाईनं उठून गादीखालची साडी काढली, हुंगून पाहिली आणि उशीच्या आत घातली.

दुसऱ्या दिवशी गल्ली भरली. अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. कोणी म्हणालं जीप विका, कोणी म्हणालं इंजिन विका. लीलाबाई, कोपऱ्यावरच्या, त्या म्हणाल्या दोन्ही ठेवा आणि मिस्त्री विका. गाडीला लिंबू-मिरची बांधा, चाकाखाली नारळ फोडा, असंही निघालं. केसरबाई पायरीवरूनच म्हणाली, "नारळ फोडाचा असन तं इकडं द्या, चटणी करतो. नळी फुटली ते नजरेनं नाई, अकलेनं फुटली."

पण तत्त्वाचं बोलले ते नत्थूजी. त्यांची नोकरी तिगाव स्टेशनात रूळ बदलण्यात गेली होती. "सुधाकरभाऊ, अप गाडी गेली की डाऊन गाडी आलीच पाह्यजे," ते म्हणाले. "तुमी डाऊनची लाइनच उखडून टाकली, मंग अॅक्सिडेंट नाई होईन तं काय होईन? टाकीले दुसरं भोक पाडा."

"पाडतो," सुधाकर म्हणाला.

"पाडतो कसे? पेट्रोलची टाकी व्हय. नळीले झाळाचा डाग लावतानी ठिणगी पडली तं जीप सौसरले राहीन अन् तुमी थेट नागपूरले. पहिले टाकी पाण्यानं भरा, वास मरू द्या, मंग डागवाल्याले बोलवा."

हा सल्ला अगदी बरोबर होता, आणि बरोबर सल्ल्यानं जेवढं नुकसान होतं तेवढं चुकीच्यानं होत नाही, हे वत्सलाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. टाकी तिनंच भरली. रजनीला झोळीत घालून, विहिरीवरून बादल्या आणून. भरल्यावर समजलं की डागवाला नवरात्रासाठी सासुरवाडीला गेला आहे आणि दसरा झाल्याशिवाय येत नाही. टाकी पुन्हा रिकामी केली. वत्सला म्हणाली की उन्हात नीट वाळू द्या; सुधाकर म्हणाला की दसरा तोंडावर आला. टाकीच्या कोपऱ्यात राहायचं तेवढं पाणी राहिलं. डिझेल भरलं, चावी फिरवली. इंजिन खोकलं, पांढरा धूर टाकला आणि बसलं. पुढचा पूर्ण दिवस सुधाकर पंपाचा खटका दाबून नळ्यांतलं पाणी आणि हवा काढत होता. गुडघ्यावर बसून, इंजिनात डोकं घालून. त्या दिवशी सोसायटीत रजा टाकायला तो विसरला, हे सोसायटी विसरली नाही.

संध्याकाळी त्याच्या बोटांना वत्सलानं खोबरेल लावलं. तो बोटांतलं काळं पुसत बसला. जरा वेळानं म्हणाला, "मायले सांगून टाकू का? नाही जमत म्हणून?"

वत्सलानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत केसरबाई रजनीला पायांवर घालून आंघोळीचं तेल चोळत होती आणि तिला सांगत होती, "तुले मी नेतो, हां? तुह्या बापाले नेलं होतं तसंच नेतो."

"उद्या मिस्त्रीला बोलवा," वत्सला म्हणाली.

मिस्त्री आला, अंगठ्याला फडकं बांधून. जीपला त्यानं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "बाबूजी, येवढं सोपं काम, अन् तुमी कायचं कायचं करून राहिले! बगिच्यातल्या इंजिनाले आमी काय करतो? परतीच्या नळीखाली तारेनं एक डबा टांगून देतो. थेंब थेंब पडते. सायंकाळी मालक घरी जातानी डबा उचलते अन् टाकीत ओतून देते. झालं!"

रव्याचा डबा गेला तो इथं.

बगिच्यातलं इंजिन एका दट्ट्याचं. त्याचं परतीचं डिझेल दिवसभरात वाटीभर. हे इंजिन टेम्पोचं, चार दट्ट्यांचं, आणि याच्या परतीची धार घागरीला लावलेल्या दोरीएवढी. रव्याचा डबा गल्लीच्या टोकालाच भरून वाहिला. दुसऱ्या दिवशी तूरडाळीचा डबा गेला. तो जुन्या विहिरीपर्यंत टिकला. मग पोहे, मग लग्नात आलेला लाडवांचा पितळी डबा, ज्याच्यावर वत्सलाच्या माहेरचं नाव कोरलं होतं. तो मात्र तिनं जीपखालून ओढून परत आणला, तीनदा राखेनं घासला, आणि आपल्या पेटीत ठेवून दिला. शेवटी वनस्पती तुपाचा सगळ्यात मोठा डबा ठरला. तो दोन-तीन कोस चालायचा. पण तो तारेनं टांगला तर हिंदकळायचा आणि खाली ठेवला तर कलंडायचा. त्याला कोणीतरी धरून बसणं भाग होतं.

पुढची सीट केसरबाईची होती. तिच्यासाठी सुधाकरनं कापसाची नवी गादी शिवून घेतली होती. त्या गादीवर आता डबा आणि डब्याला धरणारं माणूस बसायचं होतं.

"मी धरतो," केसरबाई म्हणाली. "माह्ये गुडघे गेले, हात गेले नाई."

"पांढऱ्या साडीवर? नाही माय."

मग सगळ्यांनी वत्सलाकडे पाहिलं. काही म्हणायची पाळीच आली नाही, इतकं ते ठरलेलं होतं.

एक अडथळा उरला होता. पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन टाकलं की सरकारला दाखवावं लागतं. सुधाकर जीप घेऊन जिल्ह्याच्या गावी गेला, वत्सला डबा घेऊन गेली, रजनी केसरबाईपाशी राहिली. तिथल्या साहेबानं बॉनेट उघडून पाहिलं, वाकून पाहिलं, आणि मग वत्सलाच्या मांडीकडे पाहिलं. नळी तिथं येऊन डब्यात उतरत होती.

"ये क्या है?"

"रिटर्न सिस्टीम, सर," सुधाकर म्हणाला.

"और ये?"

"मेरी मिसेस, सर."

साहेबानं चष्मा काढून पुसला. "मेरी मिसेस को ये मत दिखाना," तो शिपायाला म्हणाला, "नहीं तो वो सोचेगी मैं उससे कम काम लेता हूँ." शिपाई हसला. सुधाकरही हसला, कारण सरकार हसलं की हसायचं असतं. वत्सला हसली नाही. तिला घरची वेळ दिसत होती. रजनी आता उठली असेल. साहेबाच्या ते ध्यानात आलं की काय कोण जाणे, त्यानं कागद ओढला आणि दसऱ्यापुरती परवानगी लिहून दिली. अट एकच: टाकीला परतीची नळी लागेपर्यंत गाडीत फक्त घरची माणसं. सवारी बसवायची नाही.

"सवाल ही नहीं, सर," सुधाकर म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं. आपल्या गाडीत आपली आई, आपली बायको, आपली मुलगी. बाहेरचं माणूस त्याच्या त्या चित्रात नव्हतंच.

दसऱ्याच्या दिवशी उजाडतानाच जीप निघाली. गल्ली निरोपाला आली होती. नत्थूजींनी वत्सलाच्या हातात लाल फडकं दिलं. नोकरीतली जुनी झेंडी, काठी काढलेली. "इंजिनाच्या आवाजात तुमचं बोलणं त्याईले ऐकू नाई येणार, बाई. डबा भरला की हे दाखवा. लाल पाहून जो नाई थांबत तो माणूस नोहो."

मागं केसरबाई, पांढरी साडी, मांडीवर रजनी. पुढं वत्सला, पोटाशी पोत्याचा तुकडा बांधून, दोन पायांत डबा. तिचीही साडी पांढरी होती, पण तिचा पांढरेपणा पोत्याच्या आत होता. धार डब्यात पडायला लागली. तिला एक विचार आला आणि तिचं तिलाच हसू आलं: रजनीला पाजतानाही ती अशीच बसते. पाठ ताठ, मान खाली, आणि काही हललं तर आधी हात पुढं.

पहिल्यांदा लाल फडकं फडकलं ते एका फाट्यापाशी. जीप थांबली. सुधाकरनं उतरून आपली सीट उचलली, खालच्या टाकीचं झाकण काढलं, डबा ओतला. फाट्यावर दोन म्हातारी माणसं उभी होती, पांढऱ्या कपड्यात. नवरा-बायको. बस आली होती, भरलेली होती, थांबली नव्हती.

"जयभीम, केसरबाई! गाडी घेतली का जी?"

"जयभीम! पोरानं घेतली. या ना, बसा."

सुधाकर झाकण लावता लावता थांबला. "माय, परवानगी... फक्त घरची माणसं..."

"मंग हे का बाहेरचे व्हत?" केसरबाई म्हणाली आणि सरकली.

ते बसले. सुधाकरनं गाडी सुरू केली ती जरा जोरातच सुरू केली. पुढचा डबा भरेल तिथं कोणी नसावं असं त्याला वाटत होतं हे त्याच्या मानेवरून वत्सलाला कळत होतं. पण दसऱ्याच्या दिवशी नागपूरच्या रस्त्यावर, थांबल्या जागी कोणी नाही असं कसं होईल? दुसऱ्या डब्याला एक बाई चढली, तिच्याजवळ भाकरीचं गाठोडं. तिसऱ्या डब्याला दोन बहिणी, पायांना फोड आलेल्या. प्रत्येक वेळी सुधाकर टाकीत पाहत राहायचा आणि मागं कोण चढतं ते आपल्याला दिसलंच नाही असं दाखवायचा. मागं गर्दी वाढली तशी रजनी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायला लागली.

राज्याच्या सीमेवरच्या नाक्याला शिपायानं दांडी खाली पाडली. परवाना वाचला. मग मागं वाकून पाहिलं. म्हातारा, म्हातारी, भाकरीवाली, दोघी बहिणी, केसरबाई, आणि या सगळ्यांच्या मधून कुठूनतरी डोकावणारी रजनी.

"इथं लिहिलं आहे घरची माणसं."

सुधाकरचा चेहरा उतरला. गेला महिनाभर इंजिनानं, पाण्यानं, साहेबानं जे केलं नव्हतं ते आता हा शिपाई करणार होता. इथून परत म्हणाला तर दसरा गेला.

"हो ना बाप्पा, घरचीच हायत," मागून केसरबाई म्हणाली.

"सगळी? ही बाई कोण तुमची?"

केसरबाईनं भाकरीवालीकडे पाहिलं. तिचं नावही तिला ठाऊक नव्हतं. "हिच्या मांडीवर माही नात झोपली हाय," ती म्हणाली, "बाहेरच्या बाईच्या मांडीवर लेकरू झोपते का, तूच सांग."

रजनी खरोखरच झोपली होती. तोंड उघडं, मूठ त्या बाईच्या पदरात. शिपायानं परवाना पुन्हा एकदा वाचला. मग त्यानं पुढं येऊन वत्सलाच्या डब्यात डोकावून पाहिलं. "आणि हे?"

"हे परतीचं," वत्सला म्हणाली. "जास्तीचं असते ते."

शिपायानं दांडी वर केली. त्यालाही कुठंतरी समजून घेणं थांबवायचंच होतं.

नाका दिसेनासा झाला. मग एकदम सगळेच हसायला लागले. केसरबाई सांगत होती, "छप्पन्नले असंच होतं. बैलाले पाणी पाजाले थांबलो की दोघं बंडीत चढत. पायी चालून चालून थकलेले. अन् हा सुधाकर असा रडका! मले दम नाई की याले धरू. हातोहात गेला हा नागपूरपावतो. कोणाच्या मांडीवर नाई बसला सांगा! एका बुढ्याच्या धोतरावर तं त्यानं..."

"माय!" सुधाकर पुढून ओरडला. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणे.

वत्सलानं तोंड फिरवून हसू लपवलं. मग तिची नजर मागं गेली. रजनी जागी झाली होती आणि दुसऱ्या कोणाच्या तरी बांगड्यांशी खेळत होती. आईकडे पाहून तिनं दोन्ही हात पुढं केले. वत्सलाचे हात डब्याला लागलेले, कोपरापर्यंत डिझेलचे. ती नुसती "आले हं, आले" म्हणाली. छातीत दूध दाटून आलं होतं. रजनीनं जरा वाट पाहिली आणि हात खाली घेतले, पुन्हा बांगड्यांकडे वळली. ते वत्सलाला तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

सावनेर मागं पडलं. आता रस्त्याच्या कडेनं माणसांची रांगच होती. पांढरे कपडे, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी. जीप त्यांच्या बाजूनं जात होती आणि सुधाकर सरळ समोर पाहत होता. एक म्हातारा काठी टेकत, रांगेपासून मागं पडून, एकटा चालला होता. दर चार पावलांनी थांबायचा आणि किती उरलं ते पाहावं तसा पुढं पाहायचा.

जीप हळू झाली. थांबली.

वत्सलानं डब्यात पाहिलं. डबा अजून अर्धाही भरला नव्हता. लाल फडकं तिच्या मांडीखाली जसंच्या तसं दाबलेलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली उतरून सीट उचलत होता, झाकण फिरवत होता, डब्यासाठी हात पुढं करत होता, सगळं अगदी नेहमीसारखं. डबा घेताना त्याला तो हलका लागला असणारच.

"भरला होता ना?" तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

"हो," वत्सला म्हणाली. "अगदी काठोकाठ."

"मंग काय, थांबाच लागते." आणि मोठ्यानं, रस्त्याकडे पाहून: "आजोबा, या जी. गाडी थांबलीच आहे, तं बसून घ्या."

म्हाताऱ्याला वर घेताना दोघं खाली उतरले, दोघींनी वरून हात दिला. "पोतं नोहो मी," तो कुरकुरला, आणि केसरबाईला हसू आवरेना.

भाकरीवाली खाली उतरली होती ती पुन्हा मागं चढली नाही. पुढं आली, तिनं आपला पदर खोचला. "सरक माय," ती वत्सलाला म्हणाली, "दे तो डबा इकडं. मले घरी रोज दूध काढा लागते, हे का वेगळं हाय? तू तुह्यं लेकरू घे."

रस्त्याच्या कडेला वत्सलानं आधी मातीनं, मग कोणीतरी दिलेल्या साबणाच्या तुकड्यानं हात धुतले. वास गेला नाही. ती मागं चढली, कोपऱ्यात सरकून बसली, पदर घेतला. रजनी आली, आधी जरा रुसून, मग सगळा रुसवा विसरून. वत्सलानं तिच्या टाळूवर नाक टेकलं. तिथं तंबाखूचा वास होता, भाकरीचा होता, कोणाच्या केसातल्या खोबरेलाचा, कोणाच्या औषधाचा. एवढ्या हातांतून फिरून आली होती. त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी तिचा स्वतःचा वास होता, दुधाचा; तो सापडेपर्यंत वत्सलानं डोळे उघडले नाहीत.

नागपुरात पोलिसांनी गाड्या बाहेरच थांबवल्या होत्या. तिथून पुढं सगळ्यांनी चालायचं. केसरबाई उतरली, साडीची घडी हातानं सारखी केली. डाग नव्हता. तिनं एक हात म्हाताऱ्याच्या काठीला लावला, दुसरा वत्सलाच्या खांद्याला, आणि समोरच्या त्या पांढऱ्या गर्दीकडे पाहिलं. तिचे गुडघे तेव्हा काय म्हणत होते ते तिलाच ठाऊक.

सुधाकर जीपपाशी उभा होता. मिशीला डिझेल, गुडघ्याला माती. त्याच्या चित्रात तो धुतलेल्या कपड्यात, आईला हात देत उतरवणार होता. तिला उतरवलं भलत्याच कोणीतरी. दोघी बहिणी पुढं निघाल्या होत्या त्या परत वळल्या.

"भाऊ, परत जातानी कुठं भेटाचं जी?"

सुधाकरनं खिशातली परवानगी बाहेर काढली, वाचायला काढावी तशी. वाचली नाही. पुन्हा घडी करून खिशात ठेवली.

"इथंच या," तो म्हणाला. "डब्यापाशी."